मुक्काम पुणे

दिवाळी अंकात कर्करोगाचा विषय काढल्याबद्दल संपादक मला फराळाला बोलावणार नाहीत, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, माझा नाइलाज आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली आणि आत्याचा केसपेपर हाती आला. वर माझ्याच अक्षरात पत्ता : सदाशिव पेठ, पुणे.

आत्या वाईची. १९९४ साली छातीत गाठ निघाली म्हणून मी तिला पुण्यास आणले. परगावच्या माणसाला सवलत मिळत नाही, असे रांगेतल्या कुणीतरी कानाशी सांगितले. मी आपला पत्ता दिला ठोकून! पुढे चार महिन्यांनी तिच्या खाटेपाशी एक पिशवीवाले गृहस्थ आले. डॉक्टर नव्हेत, बिलाचेही नव्हेत. वय, मातृभाषा, मिश्री लावता का, सगळे विचारून झाल्यावर म्हणाले, "आजी, पुण्यात किती वर्षं झाली?"

आत्या तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "जन्म गेला हो इथंच."

कृष्णेच्या घाटावर साठ वर्षे धुणी धुतलेली बाई ती! तिने माझ्याकडे नुसते पाहिले. बोलली नाही.

त्या प्रश्नाचे वजन मला कळले ते फार उशिरा. सारसबागेत सकाळी फिरायला येणारे एक पेन्शनर, तेही त्याच पिशवीच्या नोकरीतले निघाले. त्यांचे बोलणे ऐकून मी बाकावरच बसलो.

१९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. त्यामागे डॉ. जस्सावाला होते. साऱ्या लोकवस्तीची अशी मोजदाद करणारी ही देशातली पहिली नोंदणी. पुढे ती पुण्यात आली. इस्पितळे, पेशी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, महापालिकेचे मृत्यूचे दाखले, सगळीकडे माणसांनी आपण होऊन जायचे आणि नावे उतरवून आणायची. एकच बाई तीन ठिकाणी सापडली तर नाव, वय, पत्ता ताडून तिला एकदाच धरायचे. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच असले, तर मागचे कागद धुंडाळायचे. (हृदयक्रिया बंद न पडता कोण मेले आहे?) नावे मात्र बाहेर फुटत नाहीत, छापतात ते आकडेच.

"पण मुक्काम कशाला विचारता?" मी म्हटले.

"अहो, शाळेतला अपूर्णांक आठवा. छेदात पुण्याची लोकसंख्या. मग अंशात पुण्याचेच रोगी नकोत का? इथल्या इस्पितळांत सातारा, सोलापूर, नगर, सगळीकडून माणूस येतो. त्या सगळ्यांना धरलं तर पुण्याचं पाणीच विषारी ठरेल! निदान वर्षभर राहिलेला तो आपला."

या अपूर्णांकातूनच कळले, की पुण्यामुंबईच्या बायकांत स्तनाचा कर्करोग वर चढला आणि गर्भाशयाच्या मुखाचा खाली आला. बार्शीला १९८७ साली खेड्यांतली नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथे नेमके उलटे दिसले : गर्भाशयमुखाचाच पहिला नंबर. तिथली माणसे गावोगाव हिंडून, अंगावरून जाते का, कुठे गाठ आहे का, हे बायकांना विचारीत. विचारता विचारता रोगी लवकर दवाखान्यात येऊ लागले. पुरुषांच्या तोंडाच्या कर्करोगाचे तर विचारूच नका. तंबाखूची चंची शहरात आली, तशी खेड्यातही आहेच.

मी धीर करून आत्याची हकीकत सांगितली. गृहस्थ काही वेळ काठीने माती उकरीत राहिले.

"मग त्यांना पुण्यात धरायला नको होतं."

"वाईत धरलं असतं?"

"त्या वेळी वाईकडे नोंदणी कुठं होती?"

"म्हणजे मी खरं बोललो असतो, तर आत्या कुठंच नसती?"

"हिशेबात नसत्या." थोडे थांबून म्हणाले, "चहा घेणार का?"

आम्ही चहा घेतला. पैसे मी दिले.

परवा केसपेपर निघाला तेव्हा पत्ता खोडावा म्हणून पेन उघडले, आणि तसाच बसून राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "उचला ते आधी. आकाशकंदिलाची खळ सांडेल त्यावर."