‘आला तसा पाठवला’ हा बचाव नव्हे

१/ टिळक-आगरकरांचा वारसा सांगत खातरजमा न केलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण अवश्य अभ्यासावे.

२/ कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ करवितात, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. आधार होता हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली.

३/ टिळक-आगरकर तेव्हा सव्वीस वर्षांच्या आसपासचे. हेतू शुद्ध, कळकळ खरी. तरीही त्यांना माफी मागावी लागली, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

४/ आज झरी जामणीपासून मुंबईपर्यंत प्रत्येक व्हॉट्सॲप गट हे एक वृत्तपत्रच आहे. संपादक मात्र कोणीही नाही. मजकूर खोटा निघाला की तो पुसून टाकायचा आणि हात झटकायचे. बदनाम झालेल्याने जायचे कुठे?

५/ म्हणून पाठवण्यापूर्वी विचारा: मूळ कागद कोणी पाहिला? उत्तर नसेल तर थांबा. पाठवून झालेच असेल, तर त्याच गटात चूक जाहीरपणे मान्य करा.