गरिबाचे गुपित कोण राखणार?

पॉवरलूमवर राबणाऱ्या कामगाराची बायको लाडली बहना योजनेसाठी समग्र आयडीची ई-केवायसी करायला मध्यप्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजारातल्या कियोस्कवर जाते, तेव्हा ती तिथे काय काय देऊन येते, याचा हिशेब सरकारने कधी मांडला आहे काय? आधार कार्ड, पासबुक, मोबाइल आणि त्या मोबाइलवर आलेला ओटीपी! चार परक्या माणसांच्या देखत तो ओटीपी ती मोठ्याने वाचून दाखवते, कारण असेच करायचे असते, असे तिला सगळ्यांनी सांगितलेले असते. पावती घेऊन ती घरी जाते. तिच्या आधार कार्डाची प्रत त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिली, तर ती पुसायची कोणी? भरतीचा फॉर्म भरणारी मुलगी आपला ई-मेल उघडाच ठेवून उठली, तर तिला हाक मारून परत बसवायचे कोणी?

कियोस्कवाल्याला झोडपून हा प्रश्न सुटणार नाही. फॉर्ममागे मिळणाऱ्या चार पैशांवर त्याचे पोट आहे आणि रांग दारापर्यंत आलेली आहे. अपराध त्या राज्यकारभाराचा आहे, ज्याने रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत प्रत्येक हक्क संगणकाच्या पडद्यावर नेऊन ठेवला आणि पडद्यासमोर गोंधळून बसलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडले.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. सायबर कॅफेसाठी २०११ साली केंद्राने नियम केले. ग्राहकाचे ओळखपत्र तपासा, त्याची नोंद किमान एक वर्ष जपा, त्याने पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास ठेवा, मधले आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत! नागरिकावर नजर ठेवण्याची एवढी तपशीलवार तजवीज. पण त्याने मागे टाकलेली कागदपत्रे पुसून टाका, असे बजावणारे एक कलमही त्यात नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून सावध केले होते, की सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसा. सल्ला सोन्यासारखा होता. दोनच दिवसांत केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले! ज्याच्या घरी संगणक नाही त्याने जावे कुठे, याचे उत्तर ना पत्रकात होते, ना ते मागे घेणाऱ्यांकडे.

उत्तर आहे, आणि ते ग्रंथालयात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन यांना बडोद्यास आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. ज्ञान हे रयतेच्या दाराशी गेले पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाला कळले होते. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मध्यप्रदेशातूनच वेगळ्या झालेल्या छत्तीसगडनेही केला. मध्यप्रदेशाने अजून केला नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

पण नुसता संगणक आणून टेबलावर मांडला म्हणजे ग्रंथालय झाले, असे कोणी समजू नये. शेजारी ग्रंथपाल हवा. तो शिकवील, पण पासवर्ड टाकताना मान फिरवील. मोबाइल हाती घेणार नाही, ओटीपी विचारणार नाही, आणि कोणी काय वाचले, काय शोधले, हे गावात बोलणार नाही. कोणी आजाराची माहिती शोधते, कोणी नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायदा शोधते. त्यांचा शोध चव्हाट्यावर आला तर उद्या त्या दारात कोण पाऊल टाकील?

याच बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, मुघल सरदार रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा उभा राहिला. पाणी सर्वांसाठी होते आणि ते जमिनीखालून, सुरक्षित आणले. माहितीचे पाणी लोकांना पाजायचे असेल, तर तीच काळजी आज का नको?

‘मग गुन्हेगारांचे काय?’ असे विचारणारे आहेतच. पोलिसांनी कायद्याने, लेखी आदेश घेऊन यावे. ग्रंथपालाने तो पाळावा. पण तोंडी दटावणीवर एकही नोंद हलता कामा नये. अमेरिकेत २००५ साली तपासयंत्रणेने कनेक्टिकटमध्ये ग्रंथालयातील संगणकाच्या वापराची नोंद गुप्तपणे मागितली, तेव्हा चार ग्रंथपाल न्यायालयात उभे राहिले आणि २००६ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क काय फक्त घरी लॅपटॉप असलेल्यांचा आहे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. भोपाळच्या विधानसभेने ग्रंथालय कायदा करावा आणि वाचकाच्या गोपनीयतेचे कलम त्यात घालावे. बऱ्हाणपूरच्या वाचनालयांत प्रशिक्षित, पगारी ग्रंथपाल नेमावेत. प्रत्येक वापरानंतर आपोआप सर्व काही पुसणारी व्यवस्था संगणकांत बसवावी. शेवटचे चार आकडेच दाखवणारे आधार कसे काढायचे, हे मराठी, हिंदी, उर्दूत भिंतीवर लावावे. येत्या १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, हारतुरे बाजूला ठेवून ग्रंथपालांनी गोपनीयतेची लेखी प्रतिज्ञा दारावर टांगावी. सरकारला गरिबाचे आधार हवे, बोटांचे ठसे हवेत, मोबाइल हवा. तर त्या गरिबाचे गुपित राखण्याचा खर्चही सरकारनेच उचलला पाहिजे. तो उचलायचा नसेल, तर त्याची माहिती मागण्याचा अधिकारही सरकारला नाही!