स्वस्त अवजार शेतकऱ्याला परवडते काय?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. शेतकऱ्याच्या घरी विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपे, कुदळ धुऊन-पुसून मांडली जातात आणि त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्या साधनांवर घराचे पोट चालते, त्यांच्याविषयीची ही कृतज्ञता आहे. मात्र तीच साधने आठवडी बाजारात विकत घेण्याची वेळ येते, तेव्हा या श्रद्धेचा मागमूसही दिसत नाही. बियाण्याच्या वाणाची चौकशी दहा जणांकडे होते, खताच्या गोणीवरचे आकडे वाचले जातात, बैल घेताना दात पाहिले जातात. विळा घेताना केवळ भाव विचारला जातो आणि जो सर्वांत स्वस्त, तो पिशवीत पडतो.

शेतीच्या प्रगतीचा विषय निघाला की चर्चा ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि अलीकडे ड्रोनपर्यंत जाते. ती आवश्यकच आहे. परंतु २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहिवाटदारांकडे दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन आहे आणि सरासरी वहिवाट १.०८ हेक्टर इतकीच आहे. असा शेतकरी नांगरट आणि मळणी भाड्याच्या यंत्राने उरकून घेतो. तथापि खुरपणी, भाजीपाल्याची तोडणी, बांधावरचे गवत, कोकणातल्या लहानशा खाचरातली भातकापणी ही कामे बहुतांशी हातानेच होतात. ऊसतोडीच्या व्यवहारात तर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' असेच म्हणतात आणि मुकादमाची उचलही कोयत्याच्या हिशेबाने ठरते. ज्या अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, त्या अवजाराचा दर्जा मोजण्याची मात्र कोणालाच गरज वाटत नाही.

या उपेक्षेचे एक कारण घराच्या रचनेतच दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतकरी किंवा शेतमजूर होत्या. खुरपणी आणि कापणीचा मोठा भार त्यांच्यावरच असतो. परंतु अवजार विकत घ्यायला बाजारात जातो तो बहुधा घरातला पुरुष. वापरणारी एक आणि निवडणारा दुसरा, असा हा प्रकार आहे. मूठ जाड असेल, पाते बोथट असेल, तोल बिघडलेला असेल, तर त्याची किंमत तिचे मनगट, तिचे खांदे आणि तिची कंबर मोजते. ही किंमत दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेली नसते, म्हणून ती कोणाच्या हिशेबात धरली जात नाही.

रोकडा हिशेब मांडला तरी निष्कर्ष वेगळा निघत नाही. समजा, एक विळा शंभर रुपयांचा आणि दुसरा दोनशेचा आहे. शंभराच्या विळ्याची धार टिकत नाही, म्हणून दिवसातून अर्धा तास तो पाजवण्यात आणि बोथट पात्याशी झगडण्यात जातो. वीस दिवसांच्या कामात दहा तास वाया गेले, म्हणजे पूर्ण एका दिवसाहून अधिक मजुरी पाण्यात गेली. शंभर रुपयांची बचत त्या मजुरीपुढे टिकत नाही. शिवाय तो विळा पुढच्या हंगामात पुन्हा विकत घ्यावा लागतो तो वेगळाच. अवजाराची किंमत दुकानातल्या भावावरून नव्हे, तर ते किती हंगाम आणि किती निर्वेध काम देते, यावरून ठरवली पाहिजे. अर्थात महाग ते सारे चांगले, असेही नाही. चकचकीत रंग आणि आकर्षक वेष्टन यांचेही पैसे मोजावे लागतातच.

मग पारख कशी करावी? पात्याचा जीव त्याच्या पोलादात असतो. साध्या मऊ लोखंडात कार्बनचे प्रमाण अत्यल्प असते. त्याला तापवून पाणी दिले तरी ते पुरेसे कठीण होत नाही आणि त्याची धार दगडाला लागताच मुडपते. उलट पाणी प्रमाणाबाहेर चढले, तर पाते ठिसूळ होऊन त्याचे टवके उडतात. याची एक सोपी परीक्षा आहे. धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती सहज रुतली तर पोलाद मऊ आहे आणि घसरून गेली तर धार कठीण आहे, असे समजावे. पात्यावर बोटाने टिचकी मारल्यास सलग धातू खणखणीत वाजतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. कुदळ आणि कुऱ्हाड घेताना नेढे पाहावे. एकसंध ठोकून काढलेले नेढे पट्टी वळवून जोडलेल्या नेढ्यापेक्षा अधिक काळ टिकते. जोड रंगाखाली लपवलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. विळ्याच्या पात्याचे शेपूट मुठीत खोलवर गेलेले असावे. वरवर खोचलेले पाते ऐन कामात निसटून हात कापते. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा, गाठ नसलेला आणि लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ गेलेले असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या हाताला ते वापरायचे आहे, त्या हातात ते एकदा देऊन पाहावे.

विकत घेतलेले अवजार राखणे हाही खरेदीचाच भाग आहे. विजेच्या सहाणयंत्रावर घाईने धार लावताना पात्यावर निळसर झाक आली, की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. ती धार पुन्हा टिकत नाही. काम संपल्यावर माती पुसून तेलाचा हात फिरवला, तर तेच अवजार कितीतरी अधिक हंगाम चालते. हाताने वापरायच्या शेती अवजारांवर २०१७ पासून वस्तू व सेवा कर शून्य आहे. त्यामुळे कराचे निमित्त सांगून कोणी भाव वाढवत असेल, तर त्याला पावती मागण्यास संकोच वाटता कामा नये.

चांगली अवजारे आपल्याकडे घडत नाहीत, असे मुळीच नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दातेरी पात्याला वारंवार धार लावावी लागत नाही आणि भात जमिनीलगत कापता येते. जमिनीलगत कापणी झाल्याने धसकटात दडणाऱ्या खोडकिडीलाही आळा बसतो. एका साध्या विळ्याने श्रम आणि कीड दोन्ही कमी होतात. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ पासून अशा संशोधनात आहे. तिथला 'नवीन' विळाही याच जातीचा. फावडी, पहारी, टिकाव यांच्यासाठी भारतीय मानके तयार आहेत. टाटांच्या 'ॲग्रिको'सारखी जुनी स्वदेशी नाममुद्राही बाजारात आहे. उणीव आहे ती हे सारे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवण्याची.

येथे महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासातील एक धडा स्मरणीय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळता मिळेना. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. प्रत्यक्ष शेतात नांगर चालवून दाखवल्यावरच तो समज दूर झाला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी पत्रकावर नव्हे, तर शेतातल्या अनुभवावर विश्वास ठेवतो. सुधारित विळ्यालाही हाच न्याय लागू आहे.

दुसरा प्रश्न गावच्या लोहाराचा आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत तो गावाचा अवजार-अभियंता होता. जमीन मुरमाड की काळी, वापरणारा उंच की ठेंगणा, हे पाहून तो अवजार घडवत असे आणि मोडले तर दुरुस्त करून देत असे. त्या व्यवस्थेतील अन्याय्य बंधने गेली हे योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर ज्ञानही जाऊ देणे शहाणपणाचे नाही. आज अनेक लोहार मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांतून उत्तम पाती काढतात; मात्र हाती येणारा प्रत्येक तुकडा एकाच जातीचा असेल याची शाश्वती नसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, साधनांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. ही मदत मोलाची आहे. परंतु साधनांबरोबर योग्य प्रतीचे पोलाद, पाणी देण्याचे शास्त्र आणि विद्यापीठांचे आराखडे लोहाराच्या ऐरणीपर्यंत गेले नाहीत, तर घण नवा आणि विळा जुनाच, अशी स्थिती राहील.

यासाठी सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गावातील बचत गट किंवा विविध कार्यकारी सोसायटी पन्नास विळ्यांची मागणी एकत्र नोंदवू शकते. एकट्या शेतकऱ्याला न मिळणारा भाव आणि निवडीचा अधिकार समूहाला मिळतो; लोहारालाही निश्चित काम मिळते. घाऊक खरेदीपूर्वी दोन-तीन नमुने आणून ते आठवडाभर खुरपणी-कापणी करणाऱ्या महिलांच्या हाती द्यावेत आणि त्यांचाच कौल अंतिम मानावा. ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे सहज जमण्यासारखे आहे. शहरात स्थिरावलेल्या, पण गावाकडे शेती असलेल्या कुटुंबांनीही हंगामापूर्वी आपल्या शेतावर राबणाऱ्यांच्या हातात कोणती अवजारे आहेत, हे एकदा डोळ्यांखालून घालावे. मजुरीचा दर ठरवताना जितकी घासाघीस होते, तितकी काळजी अवजाराची घेतली, तर काम वाढेल आणि कष्ट कमी होतील. दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईच्या हातात धारेचा, हलका आणि सुरक्षित विळा असणे हा तिच्यावरचा उपकार नाही. तो तिच्या श्रमाचा हक्क आहे.