माजघरांतील चित्रगृह

गेल्या गणेशचतुर्थीस आम्ही सारीं वैभववाडीच्या घरीं जमलों, तेव्हां आरत्या-नैवेद्यांच्या जोडीला एक नवाच खल घरांत चालू होता. धाकट्या भावोजींनीं पुण्याहून ‘होम थिएटर’चा संच आणला होता : एक अँप्लिफायर, पांच स्पीकर, आणि खर्जासाठीं सहावा, ज्याला ‘सबवूफर’ म्हणतात. टीव्ही घरांत होताच. प्रश्न एवढाच कीं, हा संच बसवावयाचा कोणीं? जाऊबाईंचा थोरला पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. त्याचें म्हणणें, “काकू, दहाबारा तारा जोडायच्या, त्याला परका माणूस कशाला?” भावोजींचें मत अगदीं उलट. चाळीस हजारांची वस्तु पोराच्या हातीं कशी द्यावी? रीतसर माणूस बोलवावा, पैसे टाकावे आणि मोकळें व्हावें. मामंजी आरामखुर्चींतून दोघांकडे आळीपाळीनें पाहत होते. त्या वादांतलें निम्मेंच त्यांना ऐकूं येत होतें, आणि खरें पाहतां हा सारा खटाटोप त्यांच्याचसाठीं होता.

मामंजींना आतां चौऱ्यायशीवें वर्ष चालू आहे. सासूबाई गेल्यापासून संध्याकाळच्या वेळीं त्यांना सोबत म्हणजे टीव्हीचीच. पण गेल्या वर्षापासून तीही तुटत चालली होती. “बोलतात काय तें कळत नाहीं, बंद करा,” म्हणत आणि दिवेलागणीलाच आंत जाऊन पडत. कानाचें यंत्र आहे. तें डबींत असतें. हा माणूस दिवसेंदिवस अबोल होत चालला आहे, हें आम्हां सर्वांना दिसत होतें, आणि त्यावर उपाय म्हणूनच भावोजींनीं एवढा खर्च केला होता.

प्रथम भावोजींच्या मताप्रमाणें शहरांतील एका दुकानाशीं बोलणें झालें. तेथील गृहस्थानें माजघराचें छायाचित्र मागविलें आणि दुसऱ्या दिवशीं अंदाजपत्रक पाठविलें. मागच्या भिंतींत स्पीकर कोरून बसवावयाचे, वर खोटें छत करावयाचें, येण्याजाण्याचा खर्च निराळा. एकूण रक्कम संचाच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत आणि तुळयांवरचा लांकडी माळा छायाचित्रांत दिसत होतींच; पण माजघरांत कोण बसतें, कोठें बसतें, कोणाला कमी ऐकूं येतें, हें त्यानें एका शब्दानेंही विचारलें नाहीं. मीं तें अंदाजपत्रक मोठ्यानें वाचून दाखविलें. ‘खोटें छत’ या शब्दापाशीं मामंजींना नेमकें ऐकूं आलें. “या घराला?” एवढेंच ते म्हणाले, आणि तो विषय तेथें संपला.

तज्ज्ञाविषयीं माझ्या मनांत अढी नाहीं. परंतु स्पीकर कोठें ठेवावे हें ठरविण्यास कोल्हापूरहून करूळचा घाट उतरून कोणी येण्याची गरज नव्हती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९२ सालीं या मांडणीविषयीं एक शिफारस प्रसिद्ध केली. ती समजावयास सुतळीचें एक रीळ पुरतें. ऐकणाऱ्यापासून समोरचे डावे-उजवे स्पीकर जितके दूर, तितकेंच त्या दोघांमध्यें अंतर असावें, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. तिसरा त्यांच्या मधोमध, पडद्यालगत. उरलेले दोन ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंस, कानांच्या रेषेच्या किंचित् मागें. आम्हीं मामंजींच्या खुर्चीपाशीं सुतळीचें एक टोक धरलें आणि दुसऱ्या टोकाला रांगोळीनें फरशीवर कमान काढली. धाकट्या मुलींना वाटलें, गौरींचीच तयारी चालली आहे!

सबवूफरची जागा शोधण्याची युक्ति पुतण्याला ठाऊक होती, आणि ती मोठी गमतीची आहे. तो ठोकळा क्षणभर ऐकणाऱ्याच्या जागीं ठेवावयाचा आणि आपण खोलीभर वांकून हिंडावयाचें. जेथें खर्ज स्वच्छ ऐकूं येईल तेथें तो ठेवावा. कोपऱ्यांत ठेवला कीं तो नुसता ढुमढुमतो. मग टाळी वाजवून पाहिली. चिऱ्यांच्या उघड्या भिंतींवरून ती खणखणत परत आली. म्हणून मागच्या भिंतीवर जुनी जाड सतरंजी टांगली आणि खालीं जाजम अंथरलें. त्या खणखणाटाचा बराच भाग एवढ्यानेंच गेला.

खरा मतभेद झाला तो मधल्या स्पीकरवरून. पुतण्यानें तो टीव्हीखालच्या कपाटांत काचेआड ठेवला होता, दिसावयास सुबक. पण चित्रपटांतील बहुतेक संवाद याच स्पीकरांतून येतात. वयोमानानें कान मंदावतात ते सर्व सुरांना सारखे नव्हे. उंच सुरांना आधीं. स, श, फ, ख अशा व्यंजनांची ओळख पटते ती बहुतांशीं या उंच सुरांवरूनच. म्हणून वृद्ध माणसाला आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीं; ‘साखर’ म्हटलें तर ‘भाकर’ ऐकूं येतें. अशा वेळीं घरचीं माणसें काय करतात? सगळाच आवाज वाढवितात. त्यानें पार्श्वसंगीत वाढतें, खर्ज वाढतो आणि शब्द अधिकच बुडतो. शिवाय ओटीवर अभ्यास करणाऱ्या मुलांचें डोकें उठतें तें वेगळेंच. आम्हीं मधला स्पीकर काचेबाहेर काढला, मामंजींच्या कानांच्या रोखानें किंचित् वर कलता केला, त्या एकट्याची पातळी चार डेसिबेलनें चढविली आणि सबवूफरची उतरविली. हें शहरांतला तज्ज्ञ करूं शकला नसता असें नाहीं. पण त्याला आधीं मामंजी ठाऊक असावयास हवे होते.

एक चूक मात्र झाली. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या. बिघाड असा दिसत नाहीं; फक्त खर्ज पातळ होतो आणि बोलणारा माणूस कोठें उभा आहे तें कानाला कळेनासें होतें. पाऊण तास आम्ही सतरंजीलाच दोष देत होतों.

(जातां जातां सांगतें, बालगंधर्वांच्या तबकड्या ज्यांना ऐकावयाच्या आहेत त्यांनीं सहा स्पीकरांच्या भरीस पडूं नये. तें ध्वनिमुद्रण एकमार्गी आहे. चांगला एक स्पीकर त्याला पुरे.)

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं जाऊबाई देवापुढें दिवा लावून आल्या आणि ओलसर हातानें अँप्लिफायर जरा मागें सारावयास गेल्या, तों “अगबाई!” म्हणून एकदम मागें सरल्या. पुतण्या म्हणाला, “थोड्या मुंग्या येतात, काकू. धातूच्या पेटीला असतेंच तें.” येथें मात्र मीं सुतळी-रांगोळीचा उद्योग थांबविला आणि मेन स्विच बंद करविला. त्याच टेबलाखालीं तासापूर्वीं मुलें लपंडाव खेळत होतीं.

बाजारांतला परवानाधारक वायरमन दुसऱ्या दिवशीं सकाळीं आला. त्यानें होल्डरला दोन तारा जोडलेला साधा दिवा पिशवींतून काढला. फेज आणि न्यूट्रल यांमध्यें तो लख्ख लागला. फेज आणि अर्थ यांमध्यें मिणमिणलासुद्धां नाहीं. “वयनीनूं, हेका अर्थिंगच नाय,” तो म्हणाला. भिंतींतल्या प्लगला तिसरें भोंक होतें, त्याच्यामागें तारही होती. पण विहिरीमागच्या खड्ड्यांत ती गंजून केव्हांच तुटली होती. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्याचें हेंच होतें. मिठानें ओल टिकते खरी, पण तेंच मीठ लोखंडाला खातें. त्या खड्ड्याकडे किती वर्षें कोणीं पाहिलें नव्हतें, हें घरांतील कोणालाच सांगतां येईना.

जाऊबाईंना ज्या मुंग्या आल्या त्या स्वतः जीव घेणाऱ्या नव्हेत. अशा यंत्रांतून जी अल्पशी वीज पेटीवर येते, ती अर्थच्या तारेनें निमूटपणें जमिनींत जावयाची असते. वाट नसली कीं ती माणसाच्या हाताशीं येते. पण ती वाट नाहीं, एवढी बातमी त्या मुंग्यांनीं दिली होती. उद्यां आंतल्या एखाद्या तारेचें वेष्टण झिजून ती पेटीला टेकली असती, तर तीच पेटी २३० व्होल्टची झाली असती. आणि दोष काय तो या नव्या संचाचा नव्हता. धुण्याचें यंत्र, पाण्याचा पंप, फ्रिज हीं सारीं त्याच मेलेल्या तारेच्या भरंवशावर इतकीं वर्षें चाललीं होतीं! स्पीकर कितीही सुरेख मांडले असते तरी ही गोष्ट आम्हांपैकीं कोणाच्या लक्षांत आली नसती. संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षांत ती शिकवीत नसावेत.

कायद्याची रेघही येथेंच आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीं दिवे, पंखे, फ्यूज, बटणें अशा किरकोळ वस्तु बदलण्याची मोकळीक घरच्या माणसांना दिली. परंतु घराच्या वायरिंगमध्यें भर किंवा बदल करावयाचा तर तो परवानाधारक कंत्राटदाराकडूनच झाला पाहिजे असें ठरविलें. २०१० आणि २०२३ च्या नियमांतही हें तत्त्व कायम आहे. म्हणजे स्पीकरच्या तारा आमच्या, भिंतींतली तार त्याची. पुतण्याला ही वांटणी पटली, कारण नवा खड्डा खणण्याचें काम त्याच्याच वांट्याला आलें. जांभ्याच्या थरांत पहार कशी झणझणते तें त्याच्या तळहातांना दोन दिवस आठवत होतें. वायरमननें त्यांत नळी पुरली, जाड पट्टी बोर्डापर्यंत आणली, आणि मेन स्विचपाशीं ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच बसविला. विजेची तेवढी गळती झाली कीं तो क्षणार्धांत पुरवठा तोडतो. त्याच्या यंत्रानें अर्थिंगचा रोध साडेचार ओहम दाखविला. मजुरी आणि सामान मिळून खर्च झाला तो शहरांतल्या त्या अंदाजपत्रकाच्या पाव हिश्शाहूनही कमी.

मेघगर्जना होऊं लागली कीं प्लग उपटावा आणि डिशची केबलही काढून ठेवावी, असें तो जातांना बजावून गेला. आश्विनांतल्या परतीच्या पावसांत आणि मृगाच्या आधीं आमच्याकडे विजा फार. अनेक जण प्लग तेवढा काढतात आणि छपरावरून आलेली केबल तशीच राहूं देतात.

अनंतचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं सारें पुन्हां जोडून बातम्या लावल्या. मामंजी थोडा वेळ ऐकत राहिले, मग भावोजींकडे वळून म्हणाले, “एवढ्या मोठ्यानें कशाला लावतां? मुलें निजलीं आहेत.” आवाज नेहमींच्या निम्म्यावर होता. जाऊबाई पदराआड हंसल्या. हल्लीं त्या फोनवर सांगतात कीं, मामंजी नऊ वाजल्याशिवाय उठत नाहींत, आणि बातम्यांतल्या प्रत्येक पुढाऱ्याला त्यांचें एक प्रत्युत्तर तयार असतें.

जांभ्याच्या जमिनींतून पाणी लौकर झिरपून जातें, आणि शिमगा उलटला कीं माती कोरडी ठणठणीत होते. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाहीं. म्हणून तो वायरमन वैशाखांत पुन्हां मोजावयास येणार आहे. तोंवर न्हाणीचें पाणी त्या खड्ड्याकडे वळवून ठेविलें आहे.