मानेतली नस दबली, तर कोणती शस्त्रक्रिया?

मैत्रिणींनो, कणीक मळताना हाताला मुंग्या येतात, अंगठा नि शेजारचं बोट बधिर होतं, रात्री मानेपासून हातापर्यंत कळ मारते. आपण म्हणतो, "कामानं हात दुखतोय, बाम चोळला की बरं वाटेल." पण पुष्कळदा हे दुखणं हाताचं नसतंच. त्याचं मूळ मानेत असतं.

मानेत ७ मणके असतात. वरचे दोन सोडले, तर बाकीच्यांच्या मध्ये एकेक मऊ गादी असते. वयानुसार गादी झिजते, बाहेर सरकते किंवा कडेला हाड वाढतं, आणि हाताकडे जाणारी नस तिथं चिमटते. घाबरून जाऊ नका बरं का! बहुतेकींना शस्त्रक्रिया लागतच नाही. औषधं आणि तज्ज्ञांनी शिकवलेले व्यायाम यांनी ६ ते १२ आठवड्यांत खूपसा आराम पडतो. एम.आर.आय.मध्ये गादी फुगलेली दिसली एवढ्यावरही काही ठरत नाही. चाळिशीनंतर कसलाच त्रास नसलेल्यांतही ती दिसते.

कळ थांबेचना, किंवा हाताची ताकद कमी होऊ लागली, तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. मग शेजारीण एक सांगते, नणंद दुसरंच. म्हणून मुख्य प्रकार आपणच समजून घेऊ.

पहिला प्रकार, मणके सांधण्याचा. गळ्याच्या पुढून लहानसा छेद घेऊन खराब गादी काढतात आणि तिथं हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवतात. १९५०च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे. नंतर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज घोगरा होतो. सांधलेल्या जागची हालचाल संपते. एकच जागा असेल तर ते फारसं जाणवत नाही. पुढे शेजारच्या गाद्या मात्र झिजू शकतात. आणि तंबाखूनं हाड सांधायला अडथळा येतो. मशेरी लावत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

दुसरा प्रकार, कृत्रिम गादीचा. छेद पुढूनच, पण मणके न सांधता हलती गादी बसवतात. अमेरिकेत मानेच्या अशा गादीला २००७ साली पहिली मान्यता मिळाली. मानेची हालचाल राहते, हा फायदा. पण हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्यांचे मागचे सांधे फार झिजले असतील, तर ही चालत नाही.

तिसरा प्रकार मागच्या बाजूनं. हाडात छोटी खिडकी करून नसेची वाट मोकळी करतात. आत काही बसवावं लागत नाही, हालचालही राहते. मात्र नस कडेला दबलेली असेल तरच याचा उपयोग. मानेचे स्नायू काही दिवस चांगलेच दुखतात.

मग यांतली उत्तम कोणती? योग्य रुग्णाला योग्य ती निवडली, तर हाताची कळ तिन्हींनी चांगली कमी होते. नुसत्या मानदुखीची तेवढी खात्री नाही. तेव्हा डॉक्टरांना "चांगली कोणती?" असं विचारू नका. विचारा, "माझी नस नेमकी कुठं दबली आहे? मला हाच प्रकार का? आणखी थांबलं तर काय होईल?" उत्तरं वहीत लिहून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेण्यात संकोच कसला?

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ब्लाउजचे हूक लागेनासे झाले, सुईत दोरा ओवता येईना, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर नुसती नस नव्हे, मज्जारज्जूच दबलेला असू शकतो. तिथं वाट पाहणं महागात पडतं. गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनं पूर्ण परत येईलच असं नाही. मुख्य म्हणजे पुढचं नुकसान थांबवायचं असतं. "दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न उरकू दे" असं म्हणत दुखणं पुढे ढकलू नका. लग्नाला माणसं पुष्कळ येतील हो, पण तुमचे हात तुम्हालाच सांभाळायला हवेत!