भरतीच्या वेळी रोहितांनी जावे कोठे?

नवी मुंबईत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याचे स्वागत रोहित पक्ष्यांचे पुतळे करतात. चौकांत, भिंतींवर, रस्त्यांच्या कडेला गुलाबी रंगाची उधळण आहे, आणि ‘फ्लेमिंगोंचे शहर’ हे बिरुद तेथील महापालिकेने मोठ्या हौसेने मिरविले आहे. या हौसेला आमची हरकत नाही. परंतु पुतळ्याला पाणी लागत नाही. जिवंत पक्ष्याला लागते. हा साधा फरक ज्यांच्या हाती जमिनीचे नकाशे आहेत त्यांच्या ध्यानी अजून पुरता आलेला नाही, म्हणून हा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ठाण्याची खाडी ही रोहितांची आपण करून दिलेली सोय नव्हे. शिवडीच्या चिखलात ते मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० नंतरच्या दशकात. आपण खाडीत जे सांडपाणी सोडतो त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ माजते आणि धाकटा रोहित ते शेवाळ गाळून खातो, असे जाणकार सांगतात. म्हणजे ज्या वैभवाचा आपण अभिमान बाळगतो त्याच्या मुळाशी आपलीच घाण असावी! ते काही असो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे मुक्काम करणाऱ्या या पक्ष्यांची संख्या काही हंगामांत लाखाच्या घरात गेली. २०१५ साली राज्य सरकारने खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले आणि २०२२ साली खाडीला रामसर कराराच्या यादीत स्थान मिळाले. हे दोन्ही निर्णय स्तुत्य होते, यात शंका नाही.

मात्र अभयारण्याची सीमा सरकार आखते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक चंद्र आखतो. ओहोटीला खाडीतील चिखलपट्टे उघडे पडतात तेव्हा रोहित तेथे चरतात. दिवसातून दोनदा भरती येते, चिखल पाण्याखाली जातो, आणि या लांब पायांच्या पक्ष्यांनाही तेथे उभे राहणे अशक्य होते. अशा वेळी त्यांना जवळच उथळ, निवांत पाणी हवे असते. ते त्यांना मिळते अभयारण्याच्या बाहेर: भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ, नेरूळ-सीवूड्सच्या किनाऱ्यावरील एन. आर. आय. वसाहत व टी. एस. चाणक्य यांच्या लगतच्या पाणथळीत, आणि शेजारच्या शाळेमुळे डीपीएस तळे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीस एकरांच्या जलाशयात. सारांश, आपण पक्ष्यांच्या भोजनगृहाला कायद्याचे कुलूप लावले आणि त्यांच्या विश्रांतीची जागा मात्र उघड्यावर सोडली.

त्याचे फळ २०२४ साली दिसले. डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बुजले होते; तळे आटले, आणि त्या उन्हाळ्यात परिसरात रोहित मरून पडले. तळे भरून टाकण्यासाठी कोणी मातीचे डंपर आणण्याची गरज नसते. पाण्याची वाट अडविली की पुरे. तळे मरते, काही काळाने ती जागा ‘कोरडी जमीन’ ठरते, आणि कोरड्या जमिनीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. नागरिक रस्त्यावर उतरले, पाठपुरावा करीत राहिले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने ही तरतूद आली, ती अभयारण्यांच्या लगतच्या सरकारी जमिनींसाठीच. तेव्हा कायदा अपुरा आहे ही सबब कोणालाही सांगता येणार नाही. जो न्याय एका तळ्याला, तोच किनाऱ्यावरील इतर विश्रांतिस्थळांना लावला पाहिजे. आणि भरतीचे पाणी आत येणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्याच्या नावे लिहिली गेली पाहिजे. ‘ते खाते आमचे नव्हे’ या उत्तराने आजवर अनेक तळी गिळली आहेत.

यावर आक्षेप ठरलेला आहे: माणसांना राहायला जागा नाही, तेथे पक्ष्यांचे लाड कशाला? आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही २६ जुलै २००५ ची आठवण देतो. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याने आपली बुजविलेली जागा घरोघरी शिरून परत मागितली. खाडी हटवून वसविलेल्या सखल शहरात पाणथळ जागा ही चैन नव्हे, पुराचे पाणी सामावणारे भांडे आहे. दुसरी गोष्ट विमानांची. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात एका प्रवासी विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. आता उलव्यालगत नवा विमानतळ सुरू झाला आहे. विश्रांतीच्या जागा नष्ट झाल्या तर पक्षी नाहीसे होणार नाहीत, विमानतळाच्या परिसरात जागा शोधतील, असा इशारा पक्षितज्ज्ञ देत आले आहेत. तेव्हा तळी राखणे हा पक्ष्यांवरील उपकार नसून विमानात बसणाऱ्या माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

शेवटी एक शब्द आपणा सुशिक्षितांसाठी. रविवारी दुर्बीण गळ्यात घालून रोहित पाहण्यास जाणारे आपणच, आणि ‘खाडीचे विहंगम दर्शन’ देणाऱ्या सदनिकेसाठी जादा पैसे मोजणारेही आपणच. गवाक्षातून पाणी दिसावे यासाठी पाण्यावरच इमारत उभी राहिली, तर उद्या त्या गवाक्षातून दिसणार काय? शेजारची इमारत! घर घेताना ती जमीन दहा वर्षांपूर्वी काय होती, एवढा एक प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारला, तरी मंत्रालयातील अनेक फायलींना वेगळे वळण लागेल.

दर हिवाळ्याला हे पाहुणे न बोलावता येतात. त्यांना आपला सन्मान नको, बिरुद नको, पुतळे नकोत. भरतीच्या चार-सहा तासांपुरते गुडघाभर पाणी हवे. एवढेही देणे ज्या शहराला जड वाटेल, त्याने निदान चौकाचौकांतील आपले पुतळे तरी उतरवून ठेवावेत.