१०८ लावला, पण गाडी पाड्यापर्यंत येणार कशी?

राज्यात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरीही पावसाळ्यात गडचिरोलीतून गरोदर महिलेला खाटेवरून, झोळीतून नेल्याच्या बातम्या येतातच. असं का?

कारण नुसती गाडी असून भागत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पाड्यावर रेंज नसेल तर फोनच लागत नाही.

यावर सरकारची 'माहेरघर' योजना आहे. प्रसूतीच्या काही दिवस आधीच महिलेला आरोग्य केंद्राजवळ मुक्कामाला आणायचं. म्हणजे ऐनवेळची धावपळ टळते. पण घर, लहान मुलं, शेतीची कामं सोडून येणं प्रत्येकीला जमत नाही.

म्हणून रुग्णवाहिका किती घेतल्या, एवढंच विचारू नका. भर पावसात त्यातल्या किती पाड्यापर्यंत पोहोचतात, हेही विचारा.